भाड्याच्या माणसांची हजेरी

आमच्या ह्यांनी माणसं भाड्याने घेतली आहेत, हे मी पहिल्यांदा शेजारच्या निर्मलाताईंना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, घरी काहीतरी कार्य आहे आणि वाढपी ठरवलेत. मी म्हटलं, वाढपी असते तर सोन्याहून पिवळं झालं असतं, निदान कामाला आले तरी असते. ही माणसं कुणी बघितलेली नाहीत. कुठल्या देशात राहतात ते ठाऊक नाही. त्यांना नावं नाहीत, नुसते नंबर आहेत. आणि त्यांच्यापायी माझा नवरा हृदयाच्या ऑपरेशनला जायला तयार नव्हता.

ह्यांचं नाव शांताराम. लिहायचंय म्हणून घेते, एरवी तोंडाला ते वळण नाही. इथल्या, भोपाळच्या मोठ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात ह्यांची सगळी नोकरी गेली. कोण गेटातून कधी आत आलं, कोणाची रजा मंजूर, कोणाचा खाडा पडला, हे टिपायचं काम. नागपूरहून लग्न होऊन मी आनंद नगरच्या ह्या घरात आले तेव्हापासून आमच्या जेवणात रोज कुणा ना कुणाची गैरहजेरी वाढलेली असायची. अमक्याची बायको बाळंतीण आहे, तमका दारू प्यायला लागलाय, वाटतं. रिटायर झाले आणि ताट एकदम सुनं झालं. हे खुर्चीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांकडे बघायचे आणि दूधवाला पाच मिनिटं उशिरा आला तर त्याला कारण विचारायचे. अशा वेळी दिगंबरभाऊजी नावाचे ह्यांचे जुने सोबती आले आणि त्यांनी ती साइट दाखवली. स्वतः महिन्याभरात कंटाळून बाजूला झाले. आमच्या घरात मात्र ती कायमची मुक्कामाला आली.

साइटचं गणित मला नीट कळायला वर्ष लागलं, तुम्हाला चार ओळींत सांगते. तिथे जाहिराती असतात. जाहिरात उघडायची, खालची पट्टी भरेपर्यंत तिच्याकडे बघत बसायचं, की खात्यात कणभर पैसे पडतात. त्यात चहाचा कपही येत नाही. म्हणून रेफरल भाड्याने घ्यायचे. म्हणजे आपल्यासारखीच कुठेतरी बसून जाहिराती बघणारी माणसं साइट महिनाभर आपल्या नावावर लावून देते. त्यांनी जाहिरात बघितली की थोडं आपल्यालाही मिळतं, नाही बघितली तर आपलं भाडं पाण्यात. म्हणून जो कोणी चार दिवस आला नाही त्याला बदलून दुसरा घ्यायचा. त्याचं एक बटण असतं, रीसायकल. आणि वर एक अट. आपणही रोज आपल्या ठरावीक जाहिराती बघितल्याच पाहिजेत. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सगळ्या माणसांची मेहनत साइटच्या घशात. तो दिवसही त्यांच्या तिकडच्या घड्याळाने चालतो, आपल्याकडे दुपारी दीडला बदलतो. त्यामुळे दीड वाजेपर्यंत आमच्याकडे पोळी तव्यावर पडत नसे.

आता दुसरा कुणी असता तर त्याने आळशी रेफरल पटापट बदलले असते. आमचे हे नाही. ह्यांनी त्यांचं मस्टर मांडलं. स्क्रीनवर एकेका नंबरासमोर तो शेवटचा कधी आला हे दिसतं, ते हे रोज वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि चारचारशे अनोळखी माणसांची काळजी करायचे. हा फक्त रविवारी येतो, म्हणजे नोकरीत असणार. हा मार्चमध्ये गायब झाला, म्हणजे परीक्षेला बसलाय. ही बाई आहे, हिच्या वेळा स्वयंपाकाच्या आगेमागे असतात. मी विचारायची, बाई कशावरून. तर म्हणायचे, कळतं. आठवडाभर न आलेल्यालासुद्धा काढायचे नाहीत. घरात दुखणंखुपणं असेल, येईल उद्या, असं म्हणून त्याचं पुढच्या महिन्याचं भाडंही भरून टाकायचे. असा धर्मादाय कारभार.

आमची मुलगी सुरुची इथेच जवळ, बाग सेवनिया भागात राहते, एका खासगी कंपनीत कॉम्प्युटरवरच काम करते. तिची मराठी अर्धी भोपाळची झालेली. ती एकदा सरळ म्हणाली, "बाबा, ये सब बॉट्स हैं. माणसं नाहीच आहेत ती, मशीन क्लिक करतं."

ह्यांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "मशीन असतं तर रोज आलं असतं," म्हणाले. "खाडे करतं म्हणजे माणूसच."

सुरुचीने कपाळाला हात लावला आणि मी कणीक मळायला उठले.

चिडचिड होती, पण चालून जात होतं. मग जानेवारीत भाजी घेऊन येताना हे रस्त्याच्या कडेला मटकन बसले. पिशवीतले टोमॅटो घरंगळत गेले आणि हे छातीवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. अँजिओग्राफी झाली. तीन नळ्या बंद, त्यातली एक अगदी मुख्य. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलल्या. हिंडतायत फिरतायत हे नशीब समजा, म्हणाल्या. बायपास करावी लागेल आणि लवकर करावी लागेल.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. हे कूस बदलले तरी मी उठून बसायची. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज थांबला की दारावर थाप मारायची. आणि हे काय करत होते? तारीख पुढे ढकलत होते. पहिल्या तारखेला म्हणाले, सगळ्यांचा महिना भरत आलाय, भाडं आत्ताच भरावं लागेल, नाहीतर सगळी माणसं हातची जातील. दुसऱ्या तारखेला म्हणाले, नवीन शंभर घेतलेत, पहिल्या आठवड्यात लक्ष द्यावं लागतं. मी भांडले. रडले. दोन दिवस बोलले नाही, तर ह्यांना ती शांतता आवडली असावी, कारण कामात व्यत्यय नव्हता. मी एकदा त्या कॉम्प्युटरची पिन खेचून काढली, तेव्हा हे वाकून ती परत लावायला लागले आणि वाकताना त्यांना धाप लागली. मीच ती लावून दिली. एवढा संताप आणि एवढी भीती एकाच वेळी मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या तारखेला मात्र आम्ही अ‍ॅडमिट झालो. कपडे बदलले, हाताला पट्टा बांधला, सुरुची खालच्या काउंटरवर कागद भरत होती. मी फळं धुवायला गेले आणि परत आले तर पलंग रिकामा. अख्ख्या मजल्यावर शोधलं. सिस्टर लोकांना ओरडले. शेवटी घरी फोन लावला तर ह्यांनीच उचलला. हॉस्पिटलच्या हिरव्या झग्यावर स्वेटर चढवून हे ऑटोने घरी गेले होते. तिथे नेट येत नव्हतं म्हणाले, आणि सव्वा वाजला होता.

डॉक्टरीणबाई ह्या वेळी हळू बोलल्या नाहीत. अब और टालना ठीक नहीं, एवढंच म्हणाल्या आणि पुढची तारीख दिली. ती शेवटची, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. पुन्हा हे उठून आले तर त्यापुढची तारीख गाठतीलच याची खात्री कुणी देणार नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं. भांडून होत नाही ना, मग ठीक आहे. मी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, तुमची माणसं मी सांभाळते, मला शिकवा. ह्यांनी आधी माझी थट्टा केली. तुला वीजबिल भरता येत नाही ऑनलाइन, म्हणाले. मी म्हटलं, येत नाही कारण तुम्ही कधी भरू दिलं नाहीत. मग शिकवणी सुरू झाली आणि काय सांगू, लग्नानंतर ह्यांनी माझ्यासाठी एवढा वेळ पहिल्यांदा काढला. ही जाहिरात उघड, पट्टी भरू दे, मध्येच दुसरीकडे जाऊ नको. आता पाच चित्रं येतील, त्यातलं उलटं कुठलं ते ओळख. मला पक्षी सुलटा की उलटा ते कळेना. तीन वेळा चुकले, हे हसत हसत खोकायला लागले आणि माझा जीव खालीवर झाला. शेवटी मला येऊ लागलं. सुरुचीने ते सगळं माझ्या मोबाइलवर घालून दिलं. ह्यांनी एकच ताकीद दिली, रीसायकलच्या बटणाला हात लावायचा नाही. कुणालाही काढायचं नाही. मी मान हलवली.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी भरती केलं. ह्यांचा मोबाइल काढून घेतला होता, डॉक्टरांनीच सांगितलं होतं, डोक्याला ताप नको. पहिल्या दिवशी दुपारी मी कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीपाशी उभी राहून जाहिराती बघितल्या, तिथेच तेवढं नेट यायचं. एक वाजून गेल्यावर शेवटची पट्टी भरली आणि मी आत जाऊन रिपोर्ट दिला. किती आले, किती नाही, रविवारवाला आला नाही, स्वयंपाकवाली आली. ह्यांचा चेहरा शांत झाला. सिस्टरने रक्तदाब बघितला तर तोही बरा निघाला.

संध्याकाळी हे डोळे मिटून पडले होते आणि मी मोबाइलवर ते मस्टर बघत होते. खाली खाली जात होते. एकेक नंबर दहा-दहा दिवस न आलेला. आणि मला अचानक त्या सगळ्यांचा असा राग आला. तुमच्यापायी, म्हटलं, तुमच्यापायी हा माणूस तीन वेळा मरता मरता राहिला, आणि तुम्हाला चार जाहिराती बघायला होत नाही. मी रीसायकल दाबलं. एकाला, दुसऱ्याला, मग न येणाऱ्या सगळ्यांना एकदमच काढायची सोय सापडली तर तीही दाबली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दहा मिनिटं फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीपाशी जाऊन साइट उघडली तर पान पांढरं. पुन्हा उघडलं, पांढरं. मोबाइल बंद करून चालू केला. खाली रस्त्यावर जाऊन बघितलं, दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकाचा फोन मागून बघितलं. काही नाही. एक वाजून गेला, दीड होऊन गेला. माझ्याच हाताने झालं हे, मी एवढ्यांना काढलं म्हणून सगळंच पुसलं गेलं, असं पक्कं डोक्यात बसलं. उद्या सकाळी ऑपरेशन आणि मी ह्यांच्या चारशे माणसांचा निकाल लावून बसले होते. जिन्यात बसून सुरुचीला फोन केला. माझं बोलणं ऐकून ती घाबरली, तिला वाटलं बाबांनाच काही झालं.

ती ऑफिसातून तशीच आली. तिने दहा ठिकाणी शोधून बघितलं आणि मग माझ्या शेजारी पायरीवर बसली. तुझ्यामुळे काही नाही झालं आई, म्हणाली, साइटच बंद झालीये, चालवणारे पळाले, जगभरचे लोक लिहितायत. पैसे गेले का, मी विचारलं. गेले, म्हणाली. त्याचं मला काही वाटलं नाही. उलट छातीवरचा धोंडा उतरला, आणि तो पूर्ण उतरायच्या आधीच दुसरा बसला. ह्यांना काय सांगायचं?

सुरुचीचं म्हणणं, काहीच सांगू नको. सांगितलं तर उठून घरी जातील, त्या कॉम्प्युटरपुढे बसतील आणि तिथेच काहीतरी होऊन बसेल. मलाही तेच वाटत होतं. त्या दिवशी मी आत गेले, सांगितलं, नेटची बोंब आहे, कसंबसं काम उरकलं, हजेरी उद्या सांगते. ह्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. जेवण अर्धं ठेवलं. सिस्टरने रक्तदाब बघितला आणि पुन्हा एकदा बघितला.

सकाळी लवकर न्यायला आले. ट्रॉलीवर झोपवलं, अंगावर पांढरी चादर टाकली. ह्यांचे केस चेंगरले होते, दाढी काढलेली, चेहरा एवढासा दिसत होता. सुरुची खाली रक्त देणाऱ्यांसोबत होती. मी ट्रॉलीचा दांडा धरून चालत होते. आतल्या दारापाशी वॉर्डबॉय थांबला, आतून हाक येईपर्यंत थांबायचं होतं.

"किती आले?" ह्यांनी विचारलं.

मी रात्रभर ह्या प्रश्नाचं उत्तर घोकलं होतं. हसले आणि म्हटलं, सगळे आले. कालचा एकही खाडा नाही. तुमच्या ऑपरेशनचं कुणीतरी कळवलं असावं त्यांना.

हे हसले नाहीत. छताकडे बघत होते, ते डोळे माझ्याकडे वळवले.

"वैजू, सगळे कधीच येत नाहीत," म्हणाले. "कारखान्याला राष्ट्रपती भेट द्यायला आले होते, त्या दिवशीसुद्धा नव्हते आले सगळे. खरं सांग."

आणखी एक खोटं बोलायचं म्हटलं असतं तर बोलले असते, पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या सबबी ऐकल्या त्याच्यापुढे ते टिकलं नसतं. आणि तसं खोट्यावर ह्यांना आत पाठवायचं, आणि मग काही झालं तर? ते माझ्याच्याने होईना. मी दांडा घट्ट धरला, हे उठले तर निदान धरता तरी येईल म्हणून.

"साइट बंद झाली," मी म्हटलं. "परवा संध्याकाळी मी रागाच्या भरात बऱ्याच जणांना काढूनही टाकलं होतं. पण त्याने नाही झालं, ती मुळातच बंद पडली. आता कुणी येणार नाही. तुम्ही घरी गेलात काय आणि न गेलात काय."

ह्यांनी डोळे मिटले. मी चादरीखालच्या पायांकडे बघत होते. उजवा गुडघा थोडा वर आला, मला वाटलं, आता उठतात. वॉर्डबॉयकडे मदतीसाठी बघायला लागले. पण गुडघा तसाच परत खाली गेला.

हे बोलले ते डोळे मिटूनच. "म्हणजे आता सबब म्हणून सांगायला काही उरलं नाही." मग माझा हात शोधत म्हणाले, "वैजू, मला फार भीती वाटते गं. पहिल्या दिवसापासून वाटतेय. कापतील, आणि मी परत उठणारच नाही."

वर्षभर मी त्या साइटशी भांडत होते. त्या नंबरांना शिव्या देत होते. तीन तारखा गेल्या, ती पिन खेचली, जाहिराती बघायला शिकले, आणि मला एकदाही सुचलं नाही विचारायला की तुम्ही घाबरलात का. ह्यांना घाबरता येतं हेच मला माहीत नव्हतं. टाइम ऑफिसात बसून ह्यांनी दुसऱ्यांच्या घरची दुखणी मोजली, स्वतःची रजा कधी मागितली नाही, आणि मीही गृहीत धरून चालले की ह्यांचं सगळं ठीक असतं. मला तिथेच ह्यांना कवटाळून रडावंसं वाटलं. पण आतून हाक आली आणि वॉर्डबॉयने ट्रॉलीचा ब्रेक काढला.

"मलाही वाटते," मी म्हटलं. "हवं तेवढं घाबरा. पण आत जा."

ह्यांनी मान हलवली. लहान मुलासारखी, पटकन, दोनदा. दार उघडलं, आतला गार वारा माझ्या पायांवर आला. ट्रॉली पुढे सरकली आणि मीही तिच्यासोबत आत निघाले. सिस्टर म्हणाली, माताजी, बस, यहीं तक. मला ते ऐकू आलं, समजलंही, पण माझी बोटं दांड्यावरून सुटेनात. शेवटी तिनेच ती एकेक करून सोडवली.